अण्णांचं जोडशब्दांचं रजिस्टर

गेल्या महिन्यात लेकीचा पासपोर्ट आला. नवंकोरं निळं पुस्तक हातात पडल्यावर तिने ते चक्क वाचायला घेतलं. (पासपोर्टात वाचण्यासारखं काही असतं हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.) राष्ट्रपतींच्या नावाने जगभरातल्या अधिकाऱ्यांना केलेली ती विनंती वाचताना बाईसाहेब अडखळल्या.

"आई, इथे चूक आहे. 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' असं छापलंय. लेट म्हणजे करू देणं ना? मग 'करू दिल्याशिवाय जाऊ द्या' म्हणजे काय?"

मी पोळ्या लाटता लाटताच उत्तर दिलं. हा लेट वेगळा. हा जुना शब्द आहे आणि याचा अर्थ बरोब्बर उलटा, म्हणजे अडवणं. टेनिसमध्ये चेंडू जाळीला घासून गेला की 'लेट' म्हणतात तोही हाच, असं मानतात. लेट म्हणजे अडथळा आणि हिंडरन्स म्हणजेही अडथळा.

"मग एकच का नाही लिहिला?"

लाटणं हातात तसंच राहिलं. कारण हाच प्रश्न मी वीसेक वर्षांपूर्वी अण्णांना विचारला होता. फरक इतकाच, की लेकीने तो कुतूहलाने विचारला आणि मी लाल पेनाने.

अण्णा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एका वकिलांकडे ते पस्तीस वर्षं टायपिस्ट होते. त्यांचं इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर उभं राहिलं आणि पुढे खरेदीखतं, नोटिसा आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करता करता वाढलं. कादंबऱ्या त्यांनी वाचल्या नाहीत, इंग्रजी सिनेमे पाहिले नाहीत. आपल्याला वरणभात तसं त्यांना 'नल अँड व्हॉइड'. त्यामुळे आम्हा भावंडांना इंग्रजी शिकवायची वेळ आली तेव्हा त्यांनी जे घरात होतं तेच वाढलं.

दर रविवारी सकाळी दोन जोड्या. हिशेबाच्या लांबट रजिस्टरमध्ये तीन रकाने आखलेले. पहिल्यात इंग्रजी जोडी, दुसऱ्यात अर्थ, आणि तिसऱ्यात शक्यतो मराठीतली जोडीच. 'सेफ अँड साउंड' समोर सुखरूप. 'हेल अँड हार्टी' समोर धडधाकट. 'नूक अँड कॉर्नर' समोर कानाकोपरा. 'ऑड्स अँड एन्ड्स' समोर किडुकमिडुक. 'किथ अँड किन' समोर सगेसोयरे. आणि माझी सगळ्यात लाडकी म्हणजे 'बॅग अँड बॅगेज' समोर चंबूगबाळं! आत्या, तू हे वाचत असशील तर तुला आठवेल, तू माहेरपणाहून परत निघालीस की आम्ही दोघं दारात उभं राहून "आत्या बॅग अँड बॅगेज" असं ओरडायचो.

अण्णांचं म्हणणं असं, की एकटा शब्द पाहुण्यासारखा येतो आणि जातो. "त्याचं लग्न लावून दे, मग तो घर सोडून जात नाही." पोराटोरांना शिकवायची युक्ती म्हणून मी ते ऐकून सोडून दिलं होतं. त्यात किती इतिहास आहे हे मला फार उशिरा, अण्णा गेल्यावर, वाचायला लागल्यावर कळलं. तोच आज थोडा सांगायचा आहे. नमनाला घडाभर तेल झालंच आहे.

गोष्ट सुरू होते १०६६ साली. नॉर्मंडीचा विल्यम समुद्र ओलांडून आला, हेस्टिंग्जची लढाई जिंकला आणि इंग्लंडचा राजा झाला. त्याच्याबरोबर त्याचे सरदार आले आणि सरदारांबरोबर त्यांची फ्रेंच. पुढची सुमारे तीनशे वर्षं त्या देशात तीन भाषा एकावर एक नांदत होत्या. दरबारात फ्रेंच, चर्चमध्ये आणि दप्तरात लॅटिन आणि शेतात, चुलीपाशी इंग्रजी. कोर्टातले वकील फ्रेंचमध्ये भांडायचे आणि ज्याची जमीन जायची त्या कुळाला आपण का हरलो हे कळायचं नाही. शेवटी १३६२ साली कायदा करावा लागला, की कोर्टातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत, कारण लोकांना फ्रेंच येत नाही. गंमत म्हणजे तो कायदा लिहिला फ्रेंचमध्येच! आणि वकिलांची मोडकीतोडकी फ्रेंच त्यानंतरही कागदोपत्री टिकून राहिली. कोर्टाच्या कामकाजातून फ्रेंच आणि लॅटिन कायमची हद्दपार झाली ती थेट १७३३ मध्ये.

या मधल्या काळात कागद लिहिणाऱ्याने काय करावं? इंग्रजी शब्द लिहिला तर न्यायाधीशाच्या दृष्टीने तो गावंढळ. फ्रेंच लिहिला तर मालमत्तेच्या मालकाला कळत नाही. मग त्याने दोन्ही लिहिले. 'विल अँड टेस्टामेंट' मधला विल अस्सल इंग्रजी आणि टेस्टामेंट लॅटिनकडून आलेला. 'गुड्स अँड चॅटल्स' मधला गुड्स इंग्रजी, चॅटल्स फ्रेंच. (गुरंढोरं या अर्थाचा 'कॅटल' याच चॅटलचा भाऊ. एके काळी मालमत्ता म्हणजे मुख्यतः गुरं, हे काही आपल्याला समजावून सांगायला नको.) 'ब्रेकिंग अँड एंटरिंग', 'फिट अँड प्रॉपर', 'लँड्स अँड टेनेमेंट्स' या सगळ्यांत पहिला शब्द घरचा आणि दुसरा नॉर्मन लोकांबरोबर आलेला. आणि अण्णांच्या प्रत्येक पत्रात असणारा 'सेफ अँड साउंड' सुद्धा तसाच. सेफ फ्रेंचमधून आला आणि साउंड जुना इंग्रजी, जर्मन लोक आजही निरोगी माणसाला 'गेझुंड' म्हणतात त्याचा सख्खा नातलग. इथला साउंड म्हणजे आवाज नव्हे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. अण्णांना ठाऊक होतं का? रजिस्टरमध्ये त्या साउंडखाली एक रेघ आहे आणि पुढे लिहिलंय, "ध्वनी नव्हे."

विल्यम कॅक्सटनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. तो फ्रेंच पुस्तकांची स्वतः भाषांतरंही करायचा. नवा फ्रेंच शब्द वापरायचा मोह तर व्हायचा, पण वाचकाला समजेल का ही धास्तीही असायची. म्हणून त्या शब्दाच्या शेजारी ओळखीचा इंग्रजी शब्द बसवायचा. त्या शतकातल्या आणि पुढच्या शतकातल्या कित्येक लेखकांनी हेच केलं. म्हणजे जोडशब्द हा एक प्रकारचा चालता बोलता शब्दकोश होता. वाक्य वाचता वाचता शब्दसंग्रह वाढायचा, वेगळी वही लागायची नाही.

आता इथे थांबून प्रामाणिकपणे सांगायला हवं, की सगळ्या जोड्या या एकाच चावीने उघडत नाहीत. 'नल अँड व्हॉइड' मधले दोन्ही शब्द फ्रेंचकडूनच आलेले. 'पार्ट अँड पार्सल' चंही तेच, पार्सल म्हणजे मुळात भाग, तुकडा. उलट 'किथ अँड किन' मधले दोन्ही जुने इंग्रजी. पासपोर्टातले 'लेट' आणि 'हिंडरन्स' हेही मुळातले तिथलेच. 'टू हॅव अँड टू होल्ड' ही जोडी तर नॉर्मन यायच्या आधीपासूनची. ती जमिनीच्या कागदांत नांदली आणि १५४९ च्या प्रार्थनापुस्तकातून लग्नाच्या शपथेत पक्की बसली. जमीन आणि नवरा-बायको, दोन्हीकडे शब्द तेच. वाचून मला हसू आलं.

मग त्या जोड्या कशासाठी? एक कारण कानाचं. जुन्या इंग्रजी कवितेत यमक नव्हे तर अनुप्रास असायचा, शब्दांची आद्याक्षरं जुळवायची रीत होती. आणि कायदा लिखित होण्यापूर्वी तो तोंडपाठ ठेवावा लागत असे. आद्याक्षरं जुळली की पाठांतर सोपं. दुसरं कारण भीतीचं. डेव्हिड मेलिंकॉफ नावाच्या अमेरिकन वकील-प्राध्यापकाने १९६३ साली कायद्याच्या भाषेवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि या जोड्यांचा इतिहास सांगून त्यांची चांगली खरडपट्टीही काढली. त्यांचं म्हणणं साधारण असं, की यातल्या बऱ्याच शब्दांचं काम केव्हाच संपलंय, पण काढून टाकला आणि उद्या काही अडलं तर काय, या धाकाने वकील ते पिढ्यान्‌पिढ्या उतरवत बसलेत. अण्णांचे वकीलसाहेब नेमके असेच होते. "असू दे रे, शब्दाला काय भाडं पडतं का!"

या जोड्यांमुळे एक फायदा मात्र असा झाला, की एरवी मेलेच असते असे शब्द जोडीदाराच्या आधाराने जगले. 'किथ' एकटा कुठे भेटतो? त्याचा अर्थ ओळखीपाळखीची माणसं, आपला मुलूख. 'अनकूथ' म्हणजे मुळात अनोळखी, तोही याच कुळातला. 'बेक अँड कॉल' मधला बेक म्हणजे हाताने केलेली खूण. 'टू अँड फ्रो' मधला फ्रो म्हणजे फ्रॉम. 'टाइम अँड टाइड' मधला टाइड म्हणजे भरती-ओहोटी असं आपण शाळेत शिकलो, पण त्याचा जुना अर्थ काळ, वेळ असाच आहे, म्हणजे तीही काळ-वेळ अशी जोडीच. आणि 'स्पिक अँड स्पॅन' मधला स्पॅन म्हणजे लाकडाची ताजी ढलपी. नुकत्याच तासलेल्या ढलपीइतकं नवं, असा तो उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांचा शब्द. आपला 'कोरा करकरीत' म्हणा ना.

आणखी एक मौज. या जोड्या उलट्या करता येत नाहीत. 'बटर अँड ब्रेड' म्हटलं की कानाला खटकतं. याकोव्ह मॅल्कील या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ साली अशा न उलटणाऱ्या जोड्यांवर लेख लिहिला, आणि त्यात दिसलेली एक प्रवृत्ती अशी, की आखूड शब्द बहुधा आधी येतो. आता आपल्या पाणिनीने द्वंद्व समासात ज्या शब्दात स्वर कमी तो आधी ठेवावा असा नियम अडीच हजार वर्षांपूर्वी कुठल्याकुठे सांगून ठेवलाय, हे अण्णांना कळतं तर त्यांनी तो आठवडाभर तरी वकीलसाहेबांना ऐकवला असता :)

पण मला खरा धक्का बसला तो रजिस्टरचा तिसरा रकाना नीट पाहिल्यावर. कारण नॉर्मन लोकांची जी गोष्ट मी एवढी परकी म्हणून वाचत होते ती आमच्या घरातच होती. कागदपत्र. यातला कागद फारसीतून आला, पत्र संस्कृत. धनदौलत, एक संस्कृत आणि एक अरबी. बाजारहाट, रीतिरिवाज, मानमरातब, सगळीकडे तोच प्रकार. १३४७ मध्ये बहामनी राज्य आलं तेव्हापासून तीनशेहून जास्त वर्षं इथल्या दरबारात फारसी होती आणि वेशीच्या आत मराठी. मग इथल्या लिहिणाऱ्यानेही तेच केलं. जुनी इनामपत्रं पाहिलीत तर त्यात 'कुलबाब कुलकानू' असं फारसी वळणाचं आणि त्याच दमात 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण' असं संस्कृत, दोन्ही एकाच वाक्यात सुखाने नांदताना दिसतं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यातले काही रुजले, पण कागद काही गेला नाही. तो पत्राच्या गळ्यात गळा घालून बसला होता ना! आणि इंग्रज आल्यावर तिसरा थर चढला. कोर्टकचेरी. अण्णा पस्तीस वर्षं रोज सकाळी जिथे जात होते त्या जागेचं नावच जोडशब्द.

याच्या अगदी उलट असलेली एक जोडी सांगते. मोहरमच्या मिरवणुकीत 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश ऐकून गोऱ्या सोजिरांच्या कानांनी त्याचं 'हॉब्सन-जॉब्सन' करून टाकलं. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा मोठा कोश केला, त्याला यूलने हेच नाव दिलं. तो १८८६ साली निघाला, बर्नेल त्याच्या चार वर्षं आधीच गेला होता. कोश विलक्षण आहे, उघडला की तासन्‌तास मिटवत नाही. पण ते नाव मात्र मला नेहमी थोडं टोचतं. समोरचा ऊर बडवून रडतोय आणि ऐकणाऱ्याला त्यात नुसता ताल ऐकू येतोय. 'विल अँड टेस्टामेंट' म्हणणाऱ्याने समोर कोण कोण बसलंय ते आधी पाहिलं होतं. हॉब्सन-जॉब्सन म्हणणाऱ्याने पाहिलंच नाही.

मीही पाहिलं नव्हतं.

पुण्यात माझी पहिली नोकरी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिण्याची होती. तिथे पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांनी माझं पान लाल करून परत दिलं. 'ईच अँड एव्हरी' मधला एक काढ. 'फर्स्ट अँड फोरमोस्ट' काढ. "हे कोर्टातलं इंग्रजी कुठून शिकलीस?" असं सगळ्यांदेखत विचारलं. मी हसले, आणि घरचं नाव सांगितलं नाही. सहा महिन्यांत मी इतकी तयार झाले की दुसऱ्यांची पानं लाल करू लागले.

त्या दिवाळीत घरी गेले होते. शेजारची सार्वजनिक भिंत आमच्या परसाकडे कलली होती, त्याबद्दल अण्णांनी इंग्रजीत अर्ज केला होता. ऐटीत माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "जरा नजर टाक." मी नजर टाकली. लाल पेन पर्समध्येच होतं. नऊ ठिकाणी रेघ मारली. रॅक गेला, रुइन राहिला. "अण्णा, एकच अर्थ दोनदा कशाला? लोक हसतात." अण्णांनी चष्मा लावून सगळ्या नऊ रेघा पाहिल्या. "बरं," म्हणाले, आणि आत जाऊन अर्ज नव्याने टाइप करून आणला. छान सुटसुटीत झाला होता. मला समाधान वाटलं.

त्यानंतर मला त्यांची जी पत्रं आली ती मराठीत आली. आधी 'आय ॲम हेल अँड हार्टी' ने सुरू व्हायची, नंतर 'इकडील सर्व क्षेम' ने. माझ्या हे लक्षातही आलं नाही. भावाने एकदा सहज म्हटलं तेव्हा मी म्हटलं, वय झालं, इंग्रजी लिहायचा कंटाळा येत असेल.

अण्णा २०११ मध्ये गेले. माळा आवरताना रजिस्टर सापडलं. मला वाटलं होतं ते आमच्या शाळेबरोबर संपलं असेल. पण जोड्या पुढेही चालू होत्या, दर रविवारी दोन, आम्ही दोघंही घरात नसताना. अक्षर थरथरतं झालं तरी रकाने सरळ. मागे त्या नऊ जोड्या मी शोधल्या. खोडलेल्या नव्हत्या. प्रत्येकीच्या पुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "एक पुरे." आणि त्या दिवाळीची तारीख.

मी शिकवलेलं त्यांनी शिकून घेतलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

माझी तेव्हाची दुरुस्ती चूक होती असं मी आजही म्हणणार नाही. पाण्याचा पंप कसा बसवायचा हे सांगताना 'ईच अँड एव्हरी' नकोच. ऑफिसात मी अजूनही एक शब्द काढते. पण काढण्याआधी तो तिथे का आला असेल हे बघते, आणि कुणाचं पान आहे तेही बघते. दोन भाषांच्या मध्ये उभा राहून पस्तीस वर्षं एकाचं दुसऱ्याला कळवणारा माणूस एक शब्द जास्त लिहीत असेल तर त्याची काही कारणं असतात, एवढं मला लेकीच्या वयाची असताना कळायला हवं होतं.

भिंतीचं म्हणाल तर ती अजून तशीच कललेली आहे. सुटसुटीत अर्जाचाही काही उपयोग झाला नाही.

लेकीला मी रजिस्टर दिलं. तिने 'लेट ऑर हिंडरन्स' शोधलं, नव्हतं. अण्णांनी पासपोर्ट कधी काढलाच नाही ना. मग तिने स्वतःच शेवटच्या पानावर पहिल्या रकान्यात ते लिहिलं, दुसऱ्यात अर्थ लिहिला आणि तिसऱ्यापाशी अडली. बराच वेळ विचार करून आम्ही दोघींनी मिळून 'आडकाठी' लिहिलंय. आड आणि काठी, जोडी तशी बरी दिसते, पण अण्णांनी पास केली असती की नाही शंका आहे. कुणाला याहून चांगली सुचली तर जरूर सांगा. आत्या, तुला नक्की सुचेल.